स्टाफचं माणूस

"ताई, मी रांगेत थांबू का?"

वैजूने दारातून विचारलं आणि मी तिच्यावर खेकसलेच. "रांगेत? का, तुझी बहीण मेलीय का? ये आत, बस त्या स्टुलावर."

बाहेर व्हरांड्यात तीसेक गरोदर बायका बसल्या होत्या. आमच्या ग्रामीण रुग्णालयात सोमवार हा त्यांचा वार. कुणी सकाळी सहाच्या एसटीने आलेली, कुणाच्या कडेवर आधीचं पोर. वैजूला सरळ आत घेतलेली बघून एकीने नाक मुरडलं, तशी मी तिलाही ऐकवलं, "स्टाफचं माणूस आहे हो. जरा दम धरा."

ते तीन शब्द म्हणताना मला केवढा तोरा असायचा! या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा छत्तीसची, रुग्णालयाच्या लॅबमधली एकुलती एक टेक्निशियन. बाबा गेले तेव्हा वैजू नऊ वर्षांची होती आणि मी एकवीसची. तिची शाळा, तिचे कपडे, तिचं बारावीनंतरचं टायपिंग, तिचं लग्न, सगळं मीच निभावलं. स्थळसुद्धा मीच आणलं होतं. दिगंबर, टँकरवर ड्रायव्हर, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. मुलगा निर्व्यसनी आहे म्हणून मी गावभर सांगत सुटले होते. माझं स्वतःचं लग्न त्या धबडग्यात राहूनच गेलं, आणि खरं सांगते, मला त्याचं कधी काही वाटलं नाही. वैजू होती ना.

त्या वेळी ती सातव्या महिन्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गाल वर आलेले, पायावर जराशी सूज, आणि सारखी हसत होती.

त्या दिवसांत आमच्याकडे एचआयव्हीची सरकारी पाहणी चालू होती. तीन महिने, चारशे बायका. आमच्याकडे पहिल्यांदा नाव घालायला येणाऱ्या गरोदर बाईचं रक्त आम्ही गरमीच्या, म्हणजे सिफिलिसच्या, तपासणीसाठी घ्यायचोच. त्यातलं उरलेलं एका छोट्या बाटलीत काढायचं. त्या बाटलीवर नाव लिहायचं नाही, फक्त नंबर. सोबतच्या कागदावर वय, शिक्षण, खेडं की शहर, आणि नवऱ्याचा धंदा. बाटल्या मोठ्या लॅबला जायच्या. चारशेंत किती निघाल्या एवढंच कळायचं. कोण निघाली ते कुणालाच कळायचं नाही, त्या बाईलासुद्धा नाही. आणि एक नियम मोडायचा नाही म्हणजे नाही: जी जशी येईल तशी घ्यायची. कुणाला वगळायचं नाही, कुणाला निवडायचं नाही.

आमचे डॉक्टर कुलथे मला समजावून सांगायचे, "शालनताई, या चारशेंवरून जिल्ह्याचा अंदाज बांधतात. जिल्ह्यांवरून राज्याचा, राज्यांवरून देशाचा. तुमची एक बाटली म्हणजे मागे शेकडो बायका उभ्या आहेत असं समजा."

मी समजत होते. माझ्या रजिस्टरमध्ये एक खाडाखोड शोधून दाखवा म्हणावं कुणालाही.

वैजूचा नंबर आला एकशे ब्याण्णव.

मी तिच्या दंडाला पट्टा बांधला. सुई बघून तिने लहानपणासारखे डोळे गच्च मिटले.

"दिगंबरराव कसे आहेत?" तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून मी विचारलं.

"बरे आहेत. पण ताई, त्यांना परत नागीण उठलीय."

"परत म्हणजे?"

"दिवाळीत एकदा उठली होती की. आता पाठीवरून पोटापर्यंत आलीय. नुसती आग आग होते म्हणतात. सासूबाईंनी गेरू लावला, कुणाकडून तरी मंत्रून पण आणलं. तोंडाला शेपटी भिडली नाही म्हणजे मिळवली."

"वजन?"

"उतरलंय. टँकरवर खायचे हाल होतात ना गं."

रक्त नळीत येत होतं आणि माझा हात जागच्या जागी थांबला. वर्षापूर्वीच आमचं एचआयव्हीचं ट्रेनिंग झालं होतं. तरण्याताठ्या माणसाला वरचेवर नागीण उठत असेल तर त्याचं रक्त तपासायला सांगा, असं तिथल्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. मी ते वहीत उतरवून खाली रेघ मारली होती.

"काय गं ताई? काय झालं?"

"काही नाही. मूठ सोड. हा कापूस दाबून धर."

ती गेल्यावर मी पुढच्या बायकांची रक्तं घेतली. किती घेतली, कशी घेतली, देव जाणे.

व्हरांड्याच्या टोकाला लोंढे मॅडमची खोली होती. पंचवीस-सव्वीसची पोरगी, एचआयव्हीच्या समुपदेशनासाठी नव्याने नेमलेली. गरोदर बायकांना बोलावून ती समजावून सांगायची आणि बाईची इच्छा असली तर तपासणी करायची. ही तपासणी पाहणीतली नव्हे, ही नावानिशी. दारावर पाटी, दाराबाहेर बाक. तो बाक म्हणजे काय होतं ते आमच्या गावात राहणाऱ्यालाच ठाऊक. आदल्या वर्षी आमच्या तालुक्याचा आकडा फुटून पेपरात आला होता, चारशेंत नऊ. तेव्हापासून पलीकडच्या तालुक्यातली माणसं इकडे मुली द्यायला का-कू करत होती. त्या बाकावर बाई बसली की तासाभरात बाजारपेठेत बातमी. एक पोरगी त्या खोलीतून बाहेर येताना नुसती दिसली, तर सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडली. तिला तर काही निघालंही नव्हतं.

दुपारी लोंढे मॅडम माझ्या दारात आल्या.

"शालनताई, तुमच्या बहिणीला पाठवता का माझ्याकडे? पाचच मिनिटं बोलते. आता बाळाला लागण होऊ नये म्हणून आपल्याकडे गोळी आलीय ना, कळा सुरू झाल्या की आईला एक द्यायची, बाळाला जन्मल्यावर थेंब. म्हणून मी एकही बाई सोडत नाहीये."

"तिचं झालंय," मी म्हटलं.

"झालंय?"

"मीच लावली टेस्ट. निगेटिव्ह आहे."

"मग काय! तुम्ही बघितलंय म्हणजे प्रश्नच मिटला." त्यांनी हातातल्या यादीत 'वैजयंता' या वैजूच्या नावापुढे खूण केली आणि गेल्या.

इतकं धडधडीत खोटं मी जन्मात बोलले नव्हते. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर लोंढे मॅडमनी रिपोर्ट मागितला असता. माझ्याकडे मागितला नाही. स्टाफचं माणूस होतं ना.

जेवणाच्या सुट्टीत मी दार लावून घेतलं. स्टँडमध्ये एकशे ब्याण्णव नंबरची बाटली उभी होती. शेजारच्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: वय चोवीस, बारावी, खेडं, नवरा ट्रक-टँकर चालक. तपासणीचं किट माझ्याच फ्रिजमध्ये होतं. अर्धा तास लागला असता. पण मला कळूनच घ्यायचं नव्हतं. कळलं असतं तर वैजूला सांगावं लागलं असतं, आईला सांगावं लागलं असतं, आणि ते स्थळ कुणी आणलं होतं हे मला रोज आरशात बघावं लागलं असतं.

बरं, त्या बाटलीतून कुणाला काही कळणार नव्हतं. मग ती तशीच जाऊ द्यायला काय हरकत होती? काहीच नाही. पण मनात किडा शिरला. नवरा टँकरवर, वय चोवीस, बारावी शिकलेली. गावात अशा किती असतील? कुणी कागद बघितला, कुणी दुवा जुळवला तर? भ्यालेल्या माणसाला हजार वाटा दिसतात. आणि नंबर रिकामा ठेवता येत नव्हता, डॉक्टर रोज संध्याकाळी बाटल्या मोजायचे.

वैजूचं रक्त मी ब्लीचच्या बादलीत ओतलं. मग पट्ट्याचं एक टोक दातात धरून तो माझ्या डाव्या दंडाला आवळला, उजव्या हाताने सुई घातली, आणि एकशे ब्याण्णव नंबरच्या बाटलीत माझं रक्त भरलं. छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची, कधीही कुठे न गेलेली बाई मी. माझं रक्त स्वच्छ असणार याची मला खात्री होती.

सरकारच्या कागदावर मी चोवीस वर्षांची टँकरवाल्याची बायको झाले.

वैजूला मुलगा झाला, आमच्याच रुग्णालयात. बाळंतपणाच्या खोलीतही तिला पहिलं टेबल, स्वच्छ चादर, सिस्टर स्वतः उशाशी. सगळ्यांनी माझ्याकडे बघून केलं. गोळी मात्र तिला कुणी दिली नाही, कारण यादीत तिच्यापुढे खूण होती. कळा देताना तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की दोन दिवस वळ राहिले. मी उभी होते. गोळ्यांची बाटली लोंढे मॅडमच्या कपाटात होती हे मला माहीत होतं. मी उभीच राहिले.

बारशाला डॉक्टर कुलथे पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. हर्षद नाव ठेवलं होतं. आई पाळण्याची दोरी सोडून त्यांना पाट मांडायला धावली.

"दोन दोन आनंदाच्या बातम्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "एक तर हा तुमचा भाचा. दुसरं म्हणजे आपला आकडा आला. चारशेंत पाच! मागच्या वर्षी नऊ होते. आणि शालनताई, वरून कळवलंय, सगळ्या जिल्ह्यात आपल्या नोंदी सगळ्यांत नीटनेटक्या."

"माझी ताई हुशारच आहे," पाळण्याजवळून वैजू म्हणाली. "माझं रक्त पण तिनंच तपासलंय."

आईने माझ्या तोंडात पेढा कोंबला.

हर्षद सहा महिन्यांचा झाला आणि त्याच्या तोंडात पांढरे चट्टे यायला लागले. मग जुलाब. आई म्हणायची, "दात येतायत गं त्याचे, एवढं काय घाबरायचं." मग म्हणायची, "दृष्ट लागलीय." मीठमोहऱ्या उतरवल्या, बाळकडू दिलं. बाटलीचं दूध त्याला पचेना, म्हणून वैजू त्याला अंगावरच पाजायची, सासरी न जाता इथेच राहिली होती. मी रोज लॅबमधून घरी येऊन आधी त्याला उचलून बघायची. वजन वाढत नव्हतं, हातालाच कळायचं. तेव्हा तरी बोलायचं! रोज ठरवायची, उद्या बोलते. उद्या उजाडायचा आणि मी डबा घेऊन लॅबला निघायची.

पोर चौदा महिन्यांचं असताना न्यूमोनिया झाला. दुपारी तीन वाजता, आमच्याच वॉर्डात, वैजूच्या मांडीवर ते गेलं. वैजू रडली नाही. त्याचं टोपडं नीट करत बसली.

त्याच आठवड्यात दिगंबररावांना टीबी म्हणून जिल्ह्याला भरती केलं होतं. तिथे त्यांचं रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला, आणि लोंढे मॅडमनी वैजूला बोलावणं पाठवलं. या वेळी ती त्या बाकावर बसली. बाजारपेठेने बघितलं तर बघितलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता, आणि तो सांगायचं लोंढे मॅडमच्या वाट्याला आलं. बिचारीने फार सांभाळून सांगितलं. वैजू सगळं ऐकून म्हणाली, "मग हर्षदला पण तेच?"

"बहुधा. त्याची तपासणी झाली नाही, पण लक्षणं तीच होती." मॅडमनी जुनी यादी उघडली. "गरोदरपणात तुमची टेस्ट निगेटिव्ह होती. शालनताईंनीच केली होती. म्हणजे लागण त्यानंतर झाली असणार. आणि बाळाला मग... दुधातून."

"दुधातून?"

"हो. तसं होऊ शकतं."

वैजूने पदर छातीशी धरला. "त्याला वरचं पचत नव्हतं ओ. ताई म्हणत होती पावडरचं देऊन बघ, तर मीच हट्ट केला. म्हटलं, मी आहे की. रात्री चारचारदा उठून पाजलं मी त्याला." मग ती माझ्याकडे वळली. "म्हणजे मीच मारलं की गं त्याला?"

मी तोंड उघडलं. खोटं बोलायला आणखी एक संधी होती, आणि देवाशपथ सांगते, ती माझ्या ओठांपर्यंत आलीही होती. पण वैजूचे दोन्ही हात अजून छातीवरच होते.

"नाही," मी म्हटलं. "तू नाही. तुझं रक्त मी तपासलंच नव्हतं."

लोंढे मॅडम उठून उभ्या राहिल्या. "शालनताई, तुम्ही मला स्वतः सांगितलं होतं."

"खोटं सांगितलं होतं. दिगंबररावांना दोनदा नागीण उठलेली तिने मला सांगितली, तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. मला भीती वाटली."

"आणि पाहणीतली बाटली?"

"ती ओतून टाकली. तिच्यात माझं रक्त घातलं."

बाहेर व्हरांड्यात कुणाचं तरी पोर रडत होतं. वैजूने ते थांबेपर्यंत ऐकलं. मग मॅडमना विचारलं, "ती गोळी, बाळंतपणात देतात ती. ती कुठे असते?"

मॅडमनी कपाटाकडे बोट दाखवलं. "पण वैजयंता, गोळीने तो नक्की वाचला असता असं नाही सांगता येत."

"वाचलाही असता?"

"वाचलाही असता."

"ताई," वैजू माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी लॅब इथून किती खोल्या सोडून?"

"दोन."

तिने मान डोलावली. एवढंच. शिव्या दिल्या असत्या, कानाखाली मारली असती, तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर कुलथ्यांना सगळं लिहून दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी हे वर पाठवीन. तुमच्यावर कारवाई होईल ती होईल. पण शालनताई, तो आकडा आता कुठून दुरुस्त करायचा? तो केव्हाच बेरजेत गेला." मला मेमो मिळाला, वेतनवाढ थांबली, दुसऱ्या तालुक्याला बदली झाली. आकडा पाचचा पाचच राहिला. पुढच्या वर्षीच्या ट्रेनिंगमध्ये भिंतीवर आमच्या जिल्ह्याची रेघ दाखवली, खाली उतरत गेलेली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी बसलेली दुसऱ्या रुग्णालयातली टेक्निशियन माझ्या कानाशी लागून हसत म्हणाली, "आम्ही तर बाई स्टाफच्या घरच्या बायका त्यात घेतच नाही. घरच्यांना कशाला त्रास?"

त्या रेघेत अशा किती वैजू नव्हत्या, हे ती रेघ काढणाऱ्याला कळायला मार्गच नव्हता.

दिगंबरराव त्या वर्षी गेले. वैजू मात्र आहे. औषधं सुरू झाली आणि तिने ती एक दिवस चुकवली नाही. सासरची वाट बंद झालीच होती, आईजवळ राहून तिने शिवणाचं मशीन घेतलं. माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. मी सुट्टीला घरी गेले की ताट वाढून समोर ठेवायची आणि आत निघून जायची. आई दोघींच्या मध्ये सापडून रडायची. मग एकदा, का कोण जाणे, वैजू मला म्हणाली, "उद्या जिल्ह्याला गोळ्या आणायला जायचंय. येतेस?"

मी रात्रीतच साडी काढून ठेवली.

जिल्ह्याच्या रुग्णालयात गोळ्यांच्या खिडकीसमोर मोठी रांग होती. ऊन वर आलेलं, बसायला जागा नाही, वैजूला आदल्या दिवशी ताप येऊन गेलेला. खिडकीच्या आत मला आमच्या बॅचचा एक ओळखीचा चेहरा दिसला. त्यानेही मला ओळखलं, आत ये म्हणून हात केला.

मी वैजूचं मनगट धरलं. "चल, इकडून. ओळखीचा आहे, पाच मिनिटांत होईल."

तिने माझ्या हातातून मनगट सोडवून घेतलं. रागाने नव्हे, अगदी हळूच.

"नको ताई. मी रांगेतच थांबते."

तिच्या पुढे अकरा माणसं होती. मी खिडकीतल्या माणसाला नको म्हणून हात केला आणि वैजूच्या मागे जाऊन उभी राहिले.